दिवे वाढवू नयेत

झुंबरबाईच्या तोंडून ‘दिवा विझवला’ हे शब्द कधी कुणी ऐकले नव्हते. दिवा विझवायचा नसतो, वाढवायचा असतो. तुळशीपुढची पणती असो, कंदील असो, की छात्रालयाच्या पडवीतला चाळीसचा बल्ब असो, तिच्या लेखी सगळ्यांना मान एकच. सांजेला खटका खाली केला की ती हात जोडायची. सकाळी खटका वर करताना हळूच म्हणायची, “वाढ बाबा आता. सांजंला ये.”

पोरी हसायच्या. “झुंबरमावशी, त्याला ऐकू येतं का?”

“तुला तरी कुठं येतंय? चार हाका मारल्या, उठली का?”

देवळाली प्रवरेच्या शिवारात, उसाच्या फडांच्या मधोमध हे मुलींचं छात्रालय होतं. साठ मुली. निम्म्याहून जास्त पाथर्डीच्या अंगाच्या, कोरड्या मुलखातल्या. त्यांचे आईबाप ऊस तोडायला इकडंच आलेले. ओढ्यापलीकडं त्यांच्या पाचटाच्या कोप्या पडल्या होत्या. कोपीतल्या आयांना छात्रालयाच्या अंगणातल्या खांबावरचा दिवा दिसायचा. भाकरी थापता थापता त्या मान वर करायच्या, दिवा दिसला की म्हणायच्या, पोरी बसल्या अभ्यासाला.

झुंबरबाई चौदा वर्षांपूर्वी इथं आली तेव्हा वीज नव्हती. बावीस कंदील होते. नवरा गेला त्या दिवशी बायकांनी तिचा हात धरून म्हटलं होतं, “चुडा वाढव गं बाई.” दगडावर बांगड्या वाढल्या. पुढं सासरच्या घरात तिनं दिव्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. विधवेच्या हातचा दिवा देवापुढं नको. सहा महिने ती सांज झाली की गोठ्यात जाऊन बसायची. मग इथं कामाला आली. छात्रालयाचे व्यवस्थापक आप्पासाहेब यांनी तिच्यापुढं बावीस कंदील मांडले, राखेची वाटी ठेवली आणि म्हणाले, “झुंबरबाई, आजपासून इथल्या दिव्यांचं तुम्ही बघा.”

त्यांना ठाऊकही नव्हतं आपण काय दिलं ते.

काचा पुसता पुसता तिनं ओवी जुळवली होती.

*सांज झाली दिवा लावू, दिवा माझा लेकुरवाळा*
*त्याच्या उजेडात बसे, माझ्या लेकींची गं शाळा*

कंदील गेले, तारा आल्या, पण दिव्यांचं काम तिच्याकडंच राहिलं. अकरा बल्ब आणि खटक्यांची एक फळी. ती फळी ती देव्हाऱ्यासारखी पुसायची.

आणि मग ते बहात्तर साल आलं. पाऊस आलाच नाही. विहिरींच्या तळातले दगड दिसायला लागले. एके दिवशी वीज कचेरीतून आप्पासाहेबांना पत्र आलं. धरणात पाणी नाही म्हणून वीज अपुरी आहे, तरी संस्थांनी जपून वापरावी.

झुंबरबाईला हे कळेना. “पान्याचा न् दिव्याचा काय संबंध? पानी तर दिव्याचं वैरी.”

छात्रालयात शास्त्र शिकवायला गहिनीनाथ मास्तर होते. तिशीतला माणूस, खिशात कायम एक पेचकस. ते म्हणाले, “मावशी, धरणातलं पाणी उंचावरून पडतं, चाक फिरवतं, चाकातून वीज निघते. तुमच्या या बल्बात पाणीच जळतंय.”

ती कितीतरी वेळ बल्बकडं बघत राहिली. पाणी जळतंय! त्या दिवसापासून एखादी पोर दिवा तसाच ठेवून गेली की ती ओरडायची, “अगं, घागर सांडती! बंद कर!”

असं जपणारी बाई. आणि तिच्याच हातून ते झालं.

नाताळची सुटी लागली. मास्तर मंडळी आपापल्या गावी गेली. मुली मात्र तिथंच राहिल्या, कारण गावी कुणी नव्हतंच. आप्पासाहेबांना धान्यासाठी नगरला कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे होते. पहाटेची गाडी गाठायच्या घाईत त्यांनी एक चिठ्ठी लिहिली, खटक्यांच्या फळीवर टाचली आणि ते गेले.

झुंबरबाईला अक्षरओळख नव्हती. अकरावीतल्या मनकर्णाला तिनं हाक मारली. “मने, काय लिवलंय वाच.”

मनकर्णानं वाचलं. “पुढील सूचनेपर्यंत छात्रालयात दिवे वाढवू नयेत.”

“परत वाच.”

“दिवे वाढवू नयेत.”

झुंबरबाई खटक्याकडं गेलेला हात आखडता घेऊन उभी राहिली. दिवे वाढवायचे नाहीत. म्हणजे जळते ठेवायचे. दिवसा? उन्हात? पाणी नसलेल्या सालात? पण चिठ्ठी साहेबांची. साहेब उगाच काही लिहीत नाहीत. काही नवस असंल. मोठ्या देवळात नसतो का नंदादीप, कधी वाढवत नाहीत तो? पाऊस यावा म्हणून साहेबांनी अकरा दिवे अखंड ठेवले असतील.

“सायबांचं मन मोठं हाय,” ती म्हणाली, आणि सहा दिवस, सहा रात्री तिनं एकाही खटक्याला बोट लावलं नाही. एकदा दिवा लुकलुकला तर तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. अखंड दिवा खंडायचा आपल्या हातून!

कोप्यांतल्या आयांना आनंद झाला. मनकर्णाची आई कडूबाई गुरांच्या चाऱ्यासाठी उसाचे वाढे विकायला आली तेव्हा सांगून गेली, “झुंबरबाई, आमच्या मुकादमाला म्हनलं मी, बघ, आमच्या पोरी रातभर शिकत्यात!”

सातव्या दिवशी भर दुपारी आप्पासाहेब परतले. अंगणात पाय ठेवला आणि तिथंच थांबले. डोक्यावर ऊन रणरणत होतं, आणि खांबावरचा बल्ब त्या उन्हात फिकट पिवळा जळत होता. पडवीतले तीन. अभ्यासाच्या दालनातले पाच. न्हाणीतला, कोठीतला सुद्धा.

“झुंबरबाई!”

ती पदर सावरत आली. तोंडावर समाधान.

“हे दिवे का जळतायत?”

“एक बी वाढू दिला न्हाई, सायेब. तुमी लिवलं हुतं तसंच.”

“मी लिहिलं? मी लिहिलं, दिवे वाढवू नका! म्हणजे आहेत त्यात आणखी भर घालू नका. नवा बल्ब लावू नका!”

झुंबरबाईनं चिठ्ठीकडं पाहिलं, मग बल्बकडं, मग आप्पासाहेबांकडं. तिला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ती पायरीवर बसली.

“सहा दिस,” ती म्हणाली. “सहा दिस पानी सांडलं मी.”

आप्पासाहेबांना हसू आवरेना आणि राग आवरेना. पण दोन दिवसांनी मीटर बघणारा माणूस आला, तसं हसू मावळलं. त्यानं आकडे टिपले, भुवया चढवल्या. पाठोपाठ कचेरीचं पत्र आलं. पुढच्या महिन्यात वापर निम्म्यावर आला नाही तर छात्रालयाची वीज पावसाळ्यापर्यंत तोडण्यात येईल.

अकरावीच्या नऊ मुली मार्चात परीक्षेला बसायच्या होत्या. घासलेट तर कुठंच मिळत नव्हतं.

गहिनीनाथ मास्तर परत आल्यावर आप्पासाहेबांनी त्यांना बोलावलं. झुंबरबाई दाराशी उभी होती.

“माणसाच्या हातावर सोडून आता चालायचं नाही,” आप्पासाहेब म्हणाले. “कुणी विसरतं, कुणी लवकर लावतं, कुणी...” त्यांनी पुढचं गिळलं.

मास्तर म्हणाले, “मग हात काढूनच टाकू. दिवे आपले आपण लागतील, आपले आपण बंद होतील. अभ्यासाच्या दालनाला गजराचं घड्याळ जोडतो. साडेनऊला गजर झाला की चावी फिरेल, दोरी गुंडाळेल, खटका ओढला जाईल. आणि सांजेला अंगण, पडवी, दालन सगळीकडचे दिवे लावायला डोळा बसवतो.”

“डोळा?”

“अंधार पडला की ओळखेल. उजाडलं की ओळखेल. तसं झालं तर वापर निम्म्याच्या खाली येईल, साहेब.”

आप्पासाहेबांनी मान हलवली. मग कोठीघराची किल्ली काढली आणि झुंबरबाईपुढं धरली. आवाज मऊ होता, तरी शब्द ते शब्दच. “उद्यापासून तुम्ही कोठी सांभाळा. दिव्यांचं आता मास्तर बघतील.”

तिनं किल्ली घेतली. लोखंडाची, हातभर सुतळी बांधलेली. त्या संध्याकाळी मास्तरांनी खटके दाबले. झुंबरबाई कोठीत ज्वारीच्या पोत्यांमागं बसून राहिली. गोठ्यात बसायची तशीच. चौदा वर्षांनी पुन्हा तिच्या हातातला दिवा कुणी काढून घेतला होता, आणि या खेपेला सासरच्यांना दोष देण्याचीही सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी मात्र तिला राहवलं नाही. मास्तर पडवीत चटईवर बसले होते. पुढं एका मोडक्या रेडिओची आतडी पसरलेली. ती पोत्याआडून बघत होती, मग दारातून, मग चटईच्या कडेला येऊन बसली.

मास्तरांच्या चिमटीत हरभऱ्याच्या घाट्याएवढी एक काळी कुपी होती. तीन तारांचे पाय फुटलेली.

“हा डोळा?” तिनं विचारलं.

“हाच. रेडिओतला ट्रान्झिस्टर. काचेचा आहे, पण वरून काळा रंग दिलाय. उजेड आत गेला तर हा चळतो, रेडिओचं काम नीट करत नाही. म्हणून कारखान्यात त्याला आंधळा करून पाठवतात.” मास्तरांनी ब्लेडनं हळूहळू रंग खरवडायला सुरुवात केली. काळा चुरा पडत गेला आणि आतली काच लकाकली. “आपल्याला तो चळायलाच हवाय.”

एका फळीवर त्यांनी तारा जोडल्या. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला एक आपोआप मिटणारा खटका, बॅटरी आणि छोटा दिवा. “मावशी, त्याच्यावर हात धरा.”

तिनं तळवा डोळ्यावर धरला. फळीवर टक् असा आवाज झाला, दिवा लागला. हात काढला. टक्. दिवा गेला.

तिनं पुन्हा धरला. टक्. पुन्हा काढला. मग ती आपल्या तळव्याकडंच बघत राहिली, जणू त्यातच काही आलं असावं.

“घड्याळाचं मला काय वाटलं न्हाई,” ती हळू आवाजात म्हणाली. “घड्याळाला आपन चावी देतो, ते सांगितलेलं ऐकतं. पर ह्याला कुनी सांगितलं, मास्तर? ह्याला सावली कळती!”

“कळते खरी,” मास्तर म्हणाले. “कशी, ते मलाही पुरतं सांगता येणार नाही.”

मास्तरांनाच सांगता येत नाही म्हटल्यावर तिला तो डोळा आणखीच मोठा वाटला.

डोळा बसवायचा दिवस आला. शाईच्या रिकाम्या बाटलीत तो पालथा ठेवून मास्तरांनी बाटली पडवीच्या खांबाला, अंगणाकडं तोंड करून बांधली. सगळ्या पोरी अंगणात ओळीनं बसल्या. ओढ्यापलीकडून आयाही आल्या. कोयते तसेच कमरेला, अंगावर पाचटाचे ओरखडे. दूर साखर कारखान्याचा भोंगा झाला. सूर्य उसाआड उतरला. तांबडं आभाळ राखाडी झालं.

टक्.

अंगणातला दिवा लागला. साठ पोरींच्या तोंडून एकदम ‘हा’ निघाला आणि अर्ध्यावर तुटला. कारण टक्, दिवा गेला. टक्, लागला. टक्, गेला. टक् टक् टक् टक्. अंगण, पोरी, कोयते, सगळं क्षणात दिसे, क्षणात बुडे.

“अगं बया!” कडूबाई ओरडली. “दिवा डोळं मारतोय! ए मने, ऊठ तिथनं! असला चावट दिवा न्हाई बघायचा!”

अंगणात हशा उसळला. मास्तर मात्र घामाघूम झाले. त्यांनी तारा चाचपल्या, बॅटरी बदलली. टक् टक् टक्. शेवटी त्यांनी सगळंच बंद केलं. दोन दिवस ते हेच करत राहिले. सांज झाली की डोळा तसाच फडफडायचा. आप्पासाहेब एकदाच येऊन म्हणाले, “मास्तर, महिन्याचे बावीस दिवस उरले.”

तिसऱ्या सांजेला झुंबरबाई पडवीत येऊन बसली. त्या फडफडीकडं तिनं बराच वेळ पाहिलं. तान्ह्या मुलाच्या रडण्यातलं दुखणं ओळखायला बसलेल्या बाईसारखी.

“मास्तर,” ती म्हणाली, “त्याची काय चूक न्हाई. त्याला त्याचाच उजेड दिसतोय.”

मास्तरांनी मान वर केली.

“आंधार पडला, त्यानं दिवा लावला. दिवा लागला, त्याला वाटलं उजाडलं. म्हनून वाढवला. वाढवला तर परत आंधार. करनार काय बिचारा?”

मास्तरांच्या हातातला पेचकस खाली पडला. “मावशी! अहो... हे माझ्या ध्यानात...” मग ते थबकले. “पण ठेवू कुठं? अंगणात सगळीकडं उजेड पडतो.”

“दिव्याखाली आंधार म्हनतात ना. त्याला दिव्याखाली ठिवायचा.”

दोघं कंदिलाचाच हिशेब मनात धरून अंगणातल्या खांबाखाली गेले, आणि दोघांनाही एकदमच दिसलं की या दिव्याखाली अंधार नव्हताच. खांबावरच्या बल्बला पत्र्याची टोपी होती. सगळा उजेड खालीच सांडत होता.

झुंबरबाईनं डोक्यावरचा पदर धरून मान मागं टाकली. वर टोपी, टोपीच्या वर खांबाचं टोक, आणि त्याच्यावर नुसतं मावळतं आभाळ. बावीस कंदिलांच्या काचा चौदा वर्षं पुसलेली ती बाई. उजेड कुठं जातो नि कुठं जात नाही, हे तिच्या बोटांना माहीत होतं.

“आमच्या दिव्याखाली आंधार हुता, मास्तर,” ती म्हणाली. “तुमच्या दिव्यावर आंधार हाय. डोळा वर ठिवा. आभाळाकडं तोंड करून. त्याला दिवा दिसाया नको, सूर्व्याच दिसाया पायजे.”

मास्तर शिडी आणायला अक्षरशः धावले.

दुसऱ्या सांजेला पुन्हा तेच अंगण, त्याच पोरी. आया मात्र या खेपेला मागंच उभ्या राहिल्या. कडूबाई म्हणाली, “आज तरी नीट वाग म्हनावं त्याला.” खांबाच्या टोकाला लाकडी खुंटीवर शाईची बाटली आभाळ बघत बसली होती. झुंबरबाई कोठीच्या दारात उभी होती. किल्लीची सुतळी बोटाभोवती गुंडाळत, सोडत.

सूर्य उसाआड गेला. बैलगाड्यांची धूळ खाली बसली. पहिली चांदणी दिसली. खटक्यांच्या फळीजवळ कुणी नव्हतं. मास्तरांनी आपले दोन्ही हात पाठीमागं बांधले होते, सगळ्यांना दिसतील असे.

टक्.

दिवा लागला, आणि लागलेलाच राहिला. पडवीतले तीन लागले. दालनातले पाच लागले. ना हात, ना हाक. पोरी ओरडल्या नाहीत. माना वर करून दिव्याकडं बघत राहिल्या. कडूबाईनं कोयता कमरेचा काढून जमिनीवर ठेवला आणि हात जोडले, आणि मग एकेक आई तसंच करत गेली.

झुंबरबाई उंबरा ओलांडून पुढं आली. चौदा वर्षं तिला वाटायचं, आपण लावतो म्हणून दिवा लागतो. आज तिच्याशिवाय दिवा लागला होता, आणि तिला वाटलं होतं तसं काळीज तुटलं नाही. उलट कुणीतरी मोठं, फार मोठं, अंगणात येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं. तिच्या ओठांवर आपसूक शब्द आले.

*सूर्व्या गेला उसाआड, दिव्याला गं कोन सांगं?*
*आपुल्यानं जागा झाला, जसं तान्हं आई मागं*

मास्तर जवळ आले. “मावशी, एक अडचण आहे. हा सगळा धुळीचा मुलूख. बाटलीवर धूळ बसली की डोळ्याला अंधुक दिसेल. दुपारीच सांज झाली समजून दिवे लावील. रोज कुणीतरी वर चढून काच पुसायला हवी. काचेवर ओरखडा न पाडता.”

आप्पासाहेब मागंच उभे होते. त्यांनी हात पुढं केला. “झुंबरबाई, ती कोठीची किल्ली द्या इकडं.”

तिनं दिली. सुतळी बोटाभोवती अडकली होती, ती सोडवायला क्षणभर लागला.

“दिव्यांचं तुम्हीच बघा,” आप्पासाहेब म्हणाले. आणि जरा थांबून, “चिठ्ठ्या मात्र मी मनकर्णाकडून तपासून घेत जाईन.”

महिनाअखेर मीटरवाला आला आणि त्यानं आकडे दोनदा वाचले, मग मीटरवर टिचकी मारून तिसऱ्यांदा. वीज राहिली. नऊही पोरी त्याच उजेडात परीक्षेपर्यंत शिकल्या. पण ते पुढचं.

त्या रात्रीनंतरच्या पहाटे झुंबरबाई कुणाच्याही आधी उठली. फडकं खांद्यावर टाकून, शिडी खांबाला लावून खाली उभी राहिली. खांबावरचा दिवा जळत होता. कोप्यांतून धूर निघायला लागला होता. पूर्वेला आधी राख, मग केशर सांडलं. उसाचे तुरे एकेक करून दिसू लागले. दिव्याचा उजेड फिका होत गेला आणि आभाळाचा भरत गेला. कुठं एक संपतो नि दुसरा सुरू होतो, डोळ्यांनी धरता येईना.

टक्.

दिवा गेला. पण अंधार झाला नाही. काही कमी झालं नाही. तिनं भोवती पाहिलं. अंगण, ओढा, कोप्या, पार दूरच्या फडापर्यंत उजेडच उजेड.

पडवीतून आप्पासाहेबांनी दात घासता घासता हाक दिली, “झुंबरबाई, दिवा वाढला का?”

चुड्याच्या दिवशी तिनं तो शब्द ऐकला होता. चिठ्ठीत ऐकला होता. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून तिनं पूर्वेकडं तोंड केलं.

“वाढला, सायेब,” ती म्हणाली. “बघा की बाहीर येऊन. आभाळाएवढा वाढला.”

मग ती बाटली पुसायला वर चढली.